खैरडीची नऊ फुरशी

ऋतुजा आणि विघ्नेश यांची ओळख झाली ती एका सर्पदंशामुळे. ही २०३४ सालची गोष्ट. ती कोंडशेतच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकतीच परिचारिका म्हणून रुजू झाली होती. एका दुपारी विघ्नेश भुवड नावाचा तरुण एका गवंड्याला मोटारसायकलवर मागे बसवून, पंच्यानं स्वतःच्या पाठीशी घट्ट बांधून घेऊन आला. हँडलला प्लास्टिकची बरणी लटकत होती आणि बरणीत चावलेली घोणस जिवंत होती. डॉ. मुकादम मॅडम त्याच्यावर फार रागावल्या. तो शांतपणे म्हणाला, कुठला साप असं तुम्ही विचारणारच, म्हणून दाखवायला आणलाय. गवंडी वाचला. विघ्नेश पुढचे आठ दिवस रोज त्याची चौकशी करायला येत राहिला, आणि तिसऱ्या दिवसापासूनच सगळ्या केंद्राला कळलं होतं की तो नक्की कुणासाठी येतोय.

विघ्नेशला आईवडील नव्हते. त्याला वाढवलं ते त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठ्या असलेल्या बहिणीनं, सुगंधाताईनं. खाडीच्या पलीकडे खैरडीचा सडा होता, मैलोन् मैल पसरलेलं उघडं जांभ्याचं पठार, कडेला काजूच्या बागा आणि चाळीसेक घरं. ताई तिथं एकटी राहायची. भावाचं लग्न होईपर्यंत तिनं स्वतःच्या लग्नाचा विषय काढू दिला नाही, आणि नंतर कुणी काढला नाही.

लग्नानंतर काही महिन्यांनी विघ्नेशला विषसंशोधन केंद्रात नोकरी लागली. काम त्याच्याच आवडीचं होतं. त्या काळी सर्पदंशावर घोड्याच्या रक्तापासून बनवलेली लस देत. चार सापांच्या विषांवरचं औषध एकाच बाटलीत असे. कुठला साप चावला हे कळायला खात्रीचा मार्ग नसल्यानं दहा-दहा, वीस-वीस बाटल्या चढवाव्या लागत आणि रोग्याला हुडहुडी भरे, रक्तदाब कोसळे. संशोधन केंद्रानं त्यावर उपाय म्हणून एक चिप तयार करायला घेतली होती.

चिप म्हणजे टपाल तिकिटाएवढा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा. त्यात केसाहून बारीक नळ्या कोरलेल्या. एका टोकाला रक्ताचा थेंब ठेवला की वात जसं तेल ओढून घेते तसं रक्त आपोआप त्या नळ्यांतून पुढं सरकतं. प्रत्येक नळीच्या आतल्या बाजूला एकेका विषासाठी घडवलेली प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. कासाराकडच्या बांगडीसारखं त्यांचं काम असतं. ज्या मापाचा हात, त्यालाच ती बसते. विष अडकलं की नळीचा रंग बदलतो, यंत्र तो वाचतं आणि चार मिनिटांत पडद्यावर सापाचं नाव येतं. मग त्या एका विषावरचं एकच लहानसं इंजेक्शन पुरतं. यंत्रानं नाव सांगितल्याशिवाय औषधाच्या फ्रिजचं कुलूप उघडत नसे, कारण चुकीचं इंजेक्शन म्हणजे नुसतं पाणी.

पण जे विष चिपला आधी दाखवलेलं नाही, ते तिला ओळखता येत नाही. एकाच जातीच्या सापाचं विषही मुलखागणिक थोडं बदलतं. म्हणून प्रत्येक भागातले साप पकडून त्यांचं विष जमा करायचं होतं. घोणस, नाग, मण्यार आणि फुरसं, प्रत्येकी नऊ. विघ्नेश दीड वर्ष गावोगाव फिरला. त्याच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या ऋतुजा आपल्या सुरेख अक्षरात लिहून द्यायची. शेवटच्या काही चिठ्ठ्या तेवढ्या त्यानं स्वतः लिहिल्या, कारण तोवर त्यांच्या मुलीचा, अन्वीचा, जन्म झाला होता.

२०३८ मध्ये यंत्र कोंडशेतला आलं. पुढची तीन वर्षं तालुक्यात सर्पदंशानं एकही माणूस दगावलं नाही. जुन्या बाटल्या येणं बंद झालं. पडद्यावर सापाचं नाव आलं की ऋतुजाला वाटायचं, हे विघ्नेशच सांगतोय.

२०४१ च्या एप्रिलमध्ये, काजूचा हंगाम ऐन भरात असताना, एका सकाळी सुगंधाताई स्वतःच्या पायांनी केंद्रात चालत आली. पिशवीत अन्वीसाठी काजूची बोंडं होती. पाल्यातून काजू वेचताना बोटाला काहीतरी चावलं म्हणाली, सरपटत गेलेलं शेपूट तेवढं दिसलं, फुरसं असावं. बोटाला जरा सूज होती. ऋतुजानं थेंब घेतला. चार मिनिटांनी पडद्यावर आलं, विष आढळले नाही. तिनं पुन्हा तपासलं. पुन्हा तेच.

डॉ. मुकादम त्या दिवशी लसीकरणाच्या शिबिराला गेल्या होत्या. फोनवर त्यांनी नियमाप्रमाणे सांगितलं, सहा तास थांबवून घ्या, त्रास नसेल तर सोडा. साप चावतो पण विष सोडत नाही, असं पुष्कळदा होतं. ऋतुजानं एकदा कपाटाचा खण उघडला. आत जुन्या काचेच्या नळ्या होत्या. यंत्र येण्याआधी त्या वापरत. नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरकी करून बघायची. गोठलं तर ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर विष. तिनं नळीला हात लावला, मग यंत्राकडे पाहिलं आणि खण बंद केला.

ते सहा तास ताई अगदी मजेत होती. वॉर्डातल्या एका बाळंतिणीचं मूल पायांवर घेऊन बसली. विघ्नेश कामासाठी पुण्याला गेला होता. त्याचा विषय निघाला तेव्हा ती हसून म्हणाली, अन्वी झाल्यापासून तुझा नवरा सड्यावर एकदाही फिरकला नाही, दर वेळी मीच खाली यायचं. ऋतुजा म्हणाली, असं कसं होईल, कामासाठी तर आला असेल. ताईनं नकारार्थी मान हलवली आणि बाळाचं डोकं नीट धरलं. संध्याकाळी पाचच्या होडीनं ती परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांनी तिला आणलं तेव्हा तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि डोकं धरून ती वाकली होती. यंत्र म्हणालं, विष आढळले नाही. ऋतुजानं काचेची नळी घेतली. वीस मिनिटांनी ती तिरकी केली, तेव्हा रक्त काठापर्यंत वाहत आलं.

डॉ. मुकादमांनी संशोधन केंद्राशी भांडून फ्रिजचं कुलूप उघडायला लावलं आणि फुरशाच्या विषावरचं इंजेक्शन दिलं. काही फरक पडला नाही. जुन्या लसीच्या थोड्या बाटल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात शिल्लक होत्या. वाट अडीच तासांची होती. ऋतुजा रुग्णवाहिकेत ताईबरोबर गेली. बाटल्या हाताशी येण्यापूर्वीच मेंदूत रक्तस्राव होऊन ताई गेली. विघ्नेश दुपारी पोचला. त्यानं बहिणीच्या बोटावरची ती जागा बराच वेळ निरखून पाहिली.

आठवड्याभरानं संशोधन केंद्रातल्या डॉ. शर्वरी टिळेकरांचा फोन आला. चिप बनवण्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि या मृत्यूनं त्या हादरल्या होत्या. खैरडीच्या फुरशांचे नऊ नमुने आमच्याकडे आहेत, त्यांच्यावरूनच ती नळी बनलीय, मग ती का चुकली ते कळत नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांनी नोंदी वाचून दाखवल्या. नमुने गोळा केल्याच्या तारखा तीन ते सात फेब्रुवारी २०३७. गोळा करणारा, विघ्नेश भुवड.

अन्वीचा जन्म चार फेब्रुवारीचा होता. त्या आठवड्यात विघ्नेश रुग्णालयाच्या व्हरांड्यातून हललाही नव्हता. ऋतुजानं टिळेकरांना बघून सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. ताई काय म्हणाली होती ते तिला त्या क्षणी आठवलं.

विघ्नेश मागच्या पडवीत दहाव्याच्या सामानाची यादी करत बसला होता. ती त्याच्यासमोर बसली.

"तीन ते सात फेब्रुवारीला तू खैरडीला होतास?"

त्यानं पेन खाली ठेवलं. मग त्यानं सगळं सांगितलं. तीन तारखेला सकाळी तो खैरडीला जायलाच निघाला होता. होडीत पाय ठेवणार इतक्यात ऋतुजाचा फोन आला. तिला सातच महिने झाले होते आणि अचानक पाणी गेलं होतं. तिनं रडत ये म्हटलं आणि तो आला. अन्वी अकरा दिवस काचेच्या पेटीत होती. नमुने पाठवायची मुदत संपत आली तेव्हा त्यानं कोंडशेतच्या चिरेखाणीमागून दोन दिवसांत नऊ फुरशी पकडली आणि बरण्यांवर खैरडी आणि हुकलेल्या फेरीच्या तारखा लिहिल्या.

"मला वाटलं, फुरसं ते फुरसं," तो म्हणाला. "मधे फक्त खाडी तर आहे."

नंतर जाऊन आणता आली असती, असं ती म्हणाली. तो म्हणाला, असती. दर महिन्याला जायचं ठरवत होतो. मग यंत्र आलं, कुणी दगावेना, आणि सांगणं आणखी आणखी अवघड होत गेलं. सड्यावर गेलं की तेच आठवणार, म्हणून सड्यावर जायचंच सोडलं.

त्यानं तिला एकच विनवणी केली. मी आता नऊ फुरशी पकडतो, जास्तीचे नमुने म्हणून पाठवतो, कुणाला काही कळायची गरज नाही. ऋतुजानं विचारलं, त्याला किती दिवस लागतील. नवी प्रतिपिंडं बनायला पाच-सहा महिने लागतात हे दोघांनाही ठाऊक होतं. कारण न सांगता पाठवलेल्या नमुन्यांची कुणी घाई करणार नव्हतं.

"आणि तोपर्यंत सड्यावरनं कुणी आलं, आणि यंत्र नाही म्हणालं, तर मी काय करू?" ती म्हणाली. "घरी जा म्हणून सांगू?"

गुरुवारी चौकशी समिती येणार होती. तोवर तू स्वतःच सांग, असं म्हणून ती उठली. त्या चार दिवसांत तिनं केंद्रातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं की खैरडीचं कुणीही आलं तर काचेची नळी लावायची, मग यंत्र काहीही म्हणो. अन्वीला बाबांचा आवाज घरात ऐकू येत नव्हता. ती दोघांच्या मधे येऊन झोपायची आणि एक हात इकडे, एक हात तिकडे टाकायची.

समितीत तिघं होते. त्यांचा निष्कर्ष जवळपास ठरलेला होता. थेंब घेताना चिपमध्ये हवेचा बुडबुडा गेला असावा आणि त्यामुळे रक्त त्या नळीपर्यंत पोचलंच नसावं. अशा बारीक नळ्यांत तसं होऊ शकतं. चूक परिचारिकेची. तिला ताकीद देऊन बदली करायची आणि प्रकरण मिटवायचं. ऋतुजाच्या मनात आलं की चूक मान्य करून सही केली तर सगळं माझ्यावर येईल आणि विघ्नेश वाचेल. हा मार्ग तिला सोपा वाटला, हे तिनं नंतर कधीच लपवलं नाही.

मृत बाईचा भाऊ म्हणून विघ्नेशलाही बोलावलं होतं. त्याला काही सांगायचंय का असं अध्यक्षांनी विचारलं. तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला आणि नाही म्हणाला.

मग ऋतुजा बोलली. बुडबुडा नव्हता, तीन वेळा कसा असेल, असं तिनं सांगितलं. नमुने कुठून आले ते सांगितलं. त्या दिवशी आपणच फोन करून त्याला परत बोलावलं होतं हेही सांगितलं, आणि खण उघडून बंद केल्याचंही. मधे थांबून ती पाणी प्यायली आणि पुढं बोलत राहिली. अध्यक्षांनी विघ्नेशला विचारलं तेव्हा तो वर न बघता म्हणाला, "खरं आहे."

त्या एका वाक्यानं बरंच काही कोसळलं. नऊ नमुने खोटे, म्हणजे बाकीच्यांचं काय, असा प्रश्न उभा राहिला. जिल्ह्यातली सगळी यंत्रं बंद करून जुन्या लसीच्या बाटल्या पुन्हा मागवल्या गेल्या. विघ्नेशची नोकरी गेली आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. ऋतुजाला ताकीद मिळाली, पण बदली झाली नाही. कोंडशेतमध्ये काही लोक तिला नवऱ्याला बुडवणारी म्हणू लागले, काही त्याला बहिणीला मारणारा.

मे महिन्यात एका सकाळी विघ्नेशनं कपडे आणि साप पकडायची काठी पिशवीत भरली. ऋतुजा दारात उभी होती.

"तू बरोबर केलंस," तो म्हणाला. "पण मला तुझ्यासमोर बसून जेवता येत नाही."

तो सड्यावर ताईच्या घरी राहायला गेला. सुरुवातीला तिथलं कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. डॉ. टिळेकर पथक घेऊन आल्या तेव्हा सापांच्या जागा माहीत असलेला माणूस त्यांना हवा होता आणि तसा तो एकटाच होता. तो दगड उलटत पुढं चालायचा. त्यानं नऊ फुरशी पकडून दिली. बरण्यांवर गावाचं नाव मात्र त्यानं लिहिलं नाही. पेन पुढं केलं तर, तुम्हीच लिहा, असं तो टिळेकरांना म्हणाला.

प्रयोगशाळेत उलगडा झाला. खाडीच्या अलीकडची फुरशी बेडूक आणि पाली खातात. सड्यावर पाणी नाही, बेडूक नाहीत. तिथली फुरशी शेकडो पिढ्या विंचू खाऊन जगली होती आणि त्यांचं विष त्याच भक्ष्यासाठी घडत गेलं होतं. दोन्हींची दिसायची ठेवण एक, अंगावरची नक्षी एक, पण अलीकडच्या विषाच्या मापाचं काहीही पलीकडच्या विषाला बसत नव्हतं. ही माहिती पुढं इतर जिल्ह्यांतही उपयोगी पडली आणि टिळेकरांनी त्यावर निबंध लिहिला. त्यांनी तो ऋतुजाला पाठवला. तिनं तो वाचायला घेतला आणि सुरुवातीच्या पानावरच ठेवून दिला.

नवी चिप ऑक्टोबरच्या शेवटी आली. सड्यावर तेव्हा गवतकापणी सुरू होती. दुसऱ्याच आठवड्यात भर दुपारी केंद्रासमोर मोटारसायकल थांबली. विघ्नेशनं यशोदा पाष्टे नावाच्या बाईंना उतरवलं. पायाच्या घोट्याला दंश होता. त्यानं स्ट्रेचर आणायला मदत केली आणि दाराशी थांबला, आत आला नाही.

ऋतुजानं थेंब घेतला. चार मिनिटांनी पडद्यावर अक्षरं आली, फुरसे, खैरडी सडा. फ्रिजचं कुलूप उघडलं. इंजेक्शन देऊन तिनं काचेच्या नळीतही रक्त घेऊन ठेवलं, कारण आता ती दोन्ही करायची. अडीच तासांनी पुन्हा घेतलेलं रक्त नळीत नीट गोठलं. यशोदाबाईंनी चहा मागितला.

ती बाहेर आली तेव्हा विघ्नेश पायरीवर बसला होता. तो बारीक झाला होता. बाई बऱ्या आहेत असं तिनं सांगितलं. त्यानं मान हलवली. तो निघेल असं तिला वाटलं, पण तो बसून राहिला.

"ताईला फार त्रास झाला का?" त्यानं विचारलं. सहा महिन्यांत त्यानं हे विचारलं नव्हतं.

अशा प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते ऋतुजाला माहीत होतं. नाही, शांतपणे गेल्या, असं तिनं कितीतरी नातेवाइकांना सांगितलं होतं. ती त्याच्या शेजारी, एका माणसाची जागा सोडून बसली.

"झाला," ती म्हणाली. "डोकं फार दुखत होतं. पण शुद्धीवर होत्या, घाट चढेपर्यंत. मी तुला फोन लावत होते तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, त्याला आत्ता कळवू नको. तो गाडी पळवत येईल."

विघ्नेशनं तोंड पंच्यात दाबून धरलं. ताई गेल्यापासून तो रडलेला तिनं पाहिला नव्हता. ती त्याच्या पाठीवर हात ठेवणार होती, पण ठेवला नाही. साडेचारला अन्वीची शाळा सुटायची. ऋतुजानं शाळेतल्या बाईंना फोन करून थोडा उशीर होईल म्हणून सांगितलं आणि तो थांबेपर्यंत बसून राहिली.

बऱ्याच वेळानं त्यानं नळावर तोंड धुतलं आणि विचारलं, "मी आणू का तिला?"

मुलांना घेऊन जाणाऱ्यांची यादी शाळेत असते. जूनमध्ये, शाळा सुरू होताना, ऋतुजानं त्या यादीतून त्याचं नाव काढून टाकलं होतं. तिनं त्याला तसं सांगितलं. तो ठीक आहे म्हणाला.

मग दोघं चालतच निघाली. ऋतुजा फाटकातून आत गेली. विघ्नेश रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला.